बाल्कनीतला धाकू

आमच्या घरात माणसं चार, पण संध्याकाळी पाचवा यायचा.

चार म्हणजे मी भाविका, मम्मी, पप्पा आणि आजा. आजा म्हणजे पप्पांचे वडील, बाळाराम. शाळेत मी ‘आजोबा’ म्हणते, पण आमच्यात आजाच म्हणतात, आणि त्याला अहो-जाहो केलं तर तोच विचारतो, ‘कोन मेलं काय?’ पाचवा होता धाकू. आज्याचा धाकटा भाऊ. पप्पा जन्मायच्याही आधी तो होडीवरून दर्यात पडला आणि परत सापडलाच नाही.

तो पहिल्यांदा आला तेव्हा मी बाल्कनीत इतिहासाचा गृहपाठ करत बसले होते. आजा म्हणाला, “पाय वर घे, पोरी. त्याला जायला जागा न्हाय.”

“कोणाला?”

“धाकूला.”

मी हसले. आजा थट्टेखोर माणूस, मला वाटलं नवीन काहीतरी काढलंय. तरी पाय वर घेतले. मग मी आज्याच्या डोळ्यांकडे बघितलं. ते दारापासून हळूहळू सरकत कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलापर्यंत गेले. माणूस चालत जावा तेवढ्या वेगानं. स्टुलापाशी थांबले आणि थोडे खाली आले. म्हणजे बसला.

मी पुस्तक उचललं आणि आत पळाले. त्या दिवशी अफझलखान माझ्याकडून अर्धाच मेला.

आता बाल्कनीबद्दल सांगते, कारण सगळं तिथंच घडलं. आधी आम्ही खाडीजवळच्या जुन्या घरात राहायचो. बिल्डरनं ती जागा घेतली आणि बदल्यात भाईंदर वेस्टलाच दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट दिला. जुन्या घराच्या अंगणात आजा तीन दगडांची चूल मांडून शिसं वितळवायचा. भंगारवाल्याकडून जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं आणायचं, लोखंडी कढईत पातळ करायचं, विटेत कोरलेल्या साच्यात ओतायचं, की चिंचोक्याएवढे मणी तयार. हे मणी फेकायच्या जाळ्याच्या काठाला लावतात, म्हणजे जाळं पाण्यात झटकन बुडतं. मणी दोरीत अडकवून आजा दातानं दाबून बंद करायचा. कट्! मला तो आवाज फार आवडायचा. होडीवर जाणं बंद झालं तरी हे त्यानं सोडलं नाही. बंदरावरचे लोक म्हणायचे, जाळं गोल पडावं तर मणी बाळारामचेच.

फ्लॅटमध्ये अंगण कुठलं? मग चुलीच्या जागी रॉकेलचा स्टोव्ह आला आणि अंगणाच्या जागी बाल्कनी. पप्पांनी तिला सरकत्या काचा लावून घेतल्या होत्या, एक खोली वाढल्यासारखी वाटावी म्हणून. थोड्याच दिवसांत वरच्या मजल्यावरच्या हंसा आंटी खाली आल्या आणि मला म्हणाल्या,

“बेटा, ये कायकी बास आती है? मेरा तो माथा चढ जाता है.”

आजा शरमला. जुन्या वस्तीत कोणी असं बोललं असतं तर त्यानं दोन शब्द ऐकवले असते. पण इथं सगळे नवीन, चांगले लोक, सोसायटीवाले. दुसऱ्या दिवसापासून तो काम सुरू करायच्या आधी सगळ्या काचा बंद करायचा आणि फटींत ओलं फडकं कोंबायचा. “लोकांच्या घरान धूर जाया नको,” म्हणायचा. मम्मीला तर इतकं कौतुक वाटलं की तिनं त्याच्यासाठी जास्तीची फडकी शिवून दिली.

वर्षभरात आजा बदलला.

आधी पोट दुखायला लागलं. मग चिडचिड. एकदा आमटीत मीठ कमी म्हणून त्यानं ताट भिरकावलं. तोच आजा, जो मम्मीची करपलेली भाकरीसुद्धा “कुरकुरीत झालीय” म्हणून खायचा. मग विसरणं. पाण्याचा दिवस असला की आमच्याकडे सगळी भांडी भरून ठेवतात, आणि हा भरलेल्या कळश्या मोरीत ओतून यायचा. चपला फ्रीजमध्ये. चेहरा राखेच्या रंगाचा झाला होता.

आणि मग मी. मी नववीत होते आणि तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले होते. मी! जी सातवीपर्यंत हजेरीला ‘उपस्थित’ सुद्धा पुटपुटायची! मी कप घेऊन जिने चढत, ओरडत घरी आले आणि तो आज्याच्या मांडीवर ठेवला. त्यानं कप फिरवून बघितला. मग मम्मीला म्हणाला, “ह्या पोरीला घरी पोचवा कोनीतरी. हिची आई वाट बघत असंल.”

मम्मीनं पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, “अरे आजा, मी भावी!”

“असशील बाय,” तो नम्रपणे म्हणाला. परक्याशी बोलावं तसा.

त्या दिवसापासून मला बाकी काही नको होतं. त्यानं मला एकदा ओळखावं, बस.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी त्याला नीट बघितलंही नाही. “डिमेन्शिया. वय झालं. याला औषध नसतं, सांभाळून घ्या.”

“पण कशामुळे झाला?” मी विचारलं. कप मिळाल्यापासून मी कुठंही विचारते.

“वयामुळे, बेटा.”

“मग उत्तनची मोठी आत्याआजी? ती याच्याहून मोठी आहे आणि अजून पत्त्यांत लबाडी करते.”

पप्पांनी माझा दंड धरला आणि बाहेर काढलं. पप्पा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. मोठ्या शब्दांचा त्यांना फार आधार वाटतो. जो भेटेल त्याला सांगायचे, “डिमेन्शिया आहे.” सांगून झालं की गप्प बसायचे.

मम्मीचं कारण वेगळं होतं. ती बाजारात मासळी घेऊन बसते, आणि तिथल्या सगळ्या बायकांचं एकमत होतं. “धाकूचं प्रेत मिळालं न्हवतं. तो भावाला न्यायला आलाय.” मम्मीनं कुठून तरी अंगारा आणला. आज्यानं तो जिभेवर ठेवून बघितला आणि म्हणाला, “मीठ कमी हाय.”

मी हसले खरं, पण संध्याकाळ झाली की हसू यायचं नाही. धाकू आता रोज यायचा. मी आत, बाल्कनीच्या दाराच्या काचेला कान लावून बसायचे. आज्याची अर्धी बाजूच ऐकू यायची.

“थंडी वाजतेय काय रं?”

मग शांतता.

“आई लय रडली तुज्यासाठी.”

शांतता.

“येक सांग. हात तू सोरलास, का माज्या हातातनं सुटला?”

याच्यानंतरची शांतता सगळ्यात लांब असायची. कधी आजा मान हलवायचा, कधी रडायचा. हात सोडल्याचं घरात कुणालाच माहीत नव्हतं. पप्पा म्हणाले, “आम्हाला एवढंच सांगितलंय की लाट आली.”

मला भीती कशाची वाटायची सांगू? त्या शांततेची. वेडा माणूस एकटाच बडबडतो तेव्हा तो मध्ये थांबत नाही. आजा थांबायचा, आणि बरोबर उत्तराला लागेल तेवढाच थांबायचा. छोट्या प्रश्नाला कमी, मोठ्याला जास्त. फोनवर बोलणाऱ्या माणसासमोर बसलं की पलीकडचा काय म्हणतोय याचा आपल्याला अंदाज यायला लागतो ना, तसं व्हायला लागलं. एकदा अशीच शांतता चालू होती आणि माझ्या लक्षात आलं की मी काचेआड मान हलवतेय. हो म्हणून. कशाला हो, ते मला माहीत नव्हतं.

मग आजा खाडीत गेला.

संध्याकाळची ओहोटी होती. मम्मी बाजारातून आली तर दार सताड उघडं. आम्ही जेट्टीकडे धावत सुटलो. पाणी लांब गेलं होतं आणि सगळीकडे नुसता काळा, चकाकणारा चिखल. त्यात आजा गुडघ्यापर्यंत रुतून उभा. उजवा हात पुढे केलेला, आणि मनगटातून पंजा खाली लोंबत होता. एखाद्या बुटक्या माणसानं तो धरून ओढावा तसा.

“आजा!” मी ओरडले.

त्यानं मागे वळून बघितलं. “तो फुरं गेलाय,” पुढच्या पाण्याकडे मान करून म्हणाला. “तुमी जा घरी.”

पप्पा चिखलात उतरले आणि त्याला पाठीवर घेऊन आले. येताना पप्पा रडत होते, मी पहिल्यांदाच बघितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाल्कनीच्या दाराला बाहेरून कडी लावून घेतली. आम्ही तिघंही दिवसभर बाहेर. तेवढा वेळ आजा बाल्कनीत. जेवण, पाणी, गादी, त्याचा स्टोव्ह, शिसं, सगळं आत. “तिथं काम करत शांत बसतो,” पप्पा म्हणाले. “दुसरीकडे ठेवला तर कडी तोडेल.”

खरंच शांत बसायचा. पण आम्ही घरी येऊन कडी काढायचो तेव्हा तो जास्तच लांब गेलेला असायचा. पप्पांनाही ‘तुमी कोन’ विचारायचा. धाकू आता सकाळपासूनच यायला लागला होता.

थोड्या आठवड्यांत आज्याचा दुसरा पंजाही मनगटातून लोंबायला लागला. पप्पांना वाटलं, लकवा. स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. मी शाळा बुडवली आणि बरोबर गेले. पप्पा नको म्हणत होते. मी म्हटलं, “तुम्ही तिथं मोठा शब्द सांगाल आणि गप्प बसाल.”

तिथल्या डॉक्टर इशिता म्हणजे अगदी तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पेनाचं टोपण चावणाऱ्या. त्यांनी आज्याला घड्याळ काढायला सांगितलं. पेन त्याच्या बोटांत नीट बसेना. तरी त्यानं गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला गर्दी करून लिहिले. मग डॉक्टरांनी त्याला तीन शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं परत विचारले.

“आठवत न्हाय,” आजा म्हणाला. मग माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. “ह्याला विचार. ह्यानं ऐकलंय.”

डॉक्टरांनी खुर्चीकडे बघितलं. मी थोडी सरकून बसले.

पप्पा म्हणाले, “मॅडम, डिमेन्शिया आहे. सांगितलंय आम्हाला.”

“ते मलाही दिसतंय,” त्या म्हणाल्या. “पण डिमेन्शिया हे तापासारखं आहे, काका. ताप आहे म्हटलं म्हणजे मलेरिया आहे का टायफॉइड, ते कळलं का? थायरॉइडनं होतं, जीवनसत्त्व कमी पडलं तर होतं, डोक्यात रक्त साकळलं तर होतं. वय हे कारण सगळ्यात शेवटी लिहायचं, बाकीची खोडून झाल्यावर. आणि म्हातारपणानं दोन्ही मनगटं लोंबत नाहीत. दिवसभर काय करतात हे?”

“काही नाही. बसून असतात.”

“पूर्वी?”

“मच्छीमारी.”

त्यांनी लिहिलं: काही नाही. ते मी उलटं वाचलं. आणि मला आठवलं, स्टेशनजवळच्या डॉक्टरांनाही आम्ही हेच सांगितलं होतं. हात चालतात तोवर माणूस असं काहीतरी करतच राहतो, त्याला आमच्यात काम म्हणतच नाहीत.

“काही नाही कसं?” मी म्हटलं. “शिसं वितळवतो ना तो! जाळ्याचे मणी करतो!”

“भाविका, गप,” पप्पा कुजबुजले. “सोसायटीत कळलं तर...”

डॉक्टरांनी टोपण तोंडातून काढलं. “कुठे वितळवतात?”

“बाल्कनीत. काचा बंद करून. वरच्या आंटींना वास जातो म्हणून.”

“रोज?”

“आता तर दिवसभर. आम्ही बाहेरून...” मी पप्पांकडे बघितलं.

“बाहेरून कडी लावतो,” पप्पाच म्हणाले. फार हळू.

त्या उठल्या, आज्याजवळ गेल्या आणि त्याचा खालचा ओठ अंगठ्यानं दुमडला. हिरड्यांच्या कडेला, दातांना लागून, एक बारीक निळी-काळी रेघ होती. पेन्सिलीनं काढावी तशी, एका दातावरून दुसऱ्या दातावर.

“हे कधीपासून?”

“मला वाटलं मिश्री,” पप्पा म्हणाले.

“आणि मणी दातानं दाबतो तो,” मी म्हटलं. “कट् करून.” तो आवाज मला किती आवडायचा, ते नाही सांगितलं.

त्यांनी डोक्याचा फोटो काढायला लावला, थायरॉइड, रक्तातलं सगळं तपासायला दिलं. “मी एकाच कारणावर अडून बसणार नाही,” म्हणाल्या. बाकीचं सगळं ठीक निघालं. शिसं मात्र इतकं निघालं की त्यांनी लॅबला फोन करून आकडा परत विचारला.

आज्याला ॲडमिट केलं. सलाईनमधून औषध द्यायचे, शिसं लघवीवाटे बाहेर काढणारं. मग गोळ्या. मग थोडी सुट्टी, परत तेच. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, “बरंचसं परत येईल. सगळं येईल असं मी सांगणार नाही. किती येईल, तेही आत्ताच नाही.” इकडे घरी पप्पांनी दाराची कडी स्क्रूसकट उपटली. स्टोव्ह, कढई, साचे, सगळं गेलं. झाडू मारायचा नव्हता, धूळ उडते म्हणून. मम्मीनं आणि हंसा आंटींनी तोंडाला ओढणी बांधून ओल्या कपड्यानं बाल्कनी पुसली, परत परत पुसली. आंटी सारख्या म्हणत होत्या, “मेरेकू क्या मालूम था रे. मैं तो खाली बास का बोली थी.”

आमचंही रक्त तपासलं. मम्मी-पप्पांच्या रक्तात थोडं शिसं निघालं, माझ्या त्याहूनही कमी. घाबरण्यासारखं नाही, डॉक्टर म्हणाल्या, फक्त दूध-अंडी खा आणि परत तपासा.

पप्पा पावती करायला गेले तेव्हा मी विचारलं, “मॅडम, आज्याला जे दिसायचं, ते शिशामुळेच ना?”

“हो. मेंदूला सूज आली की माणसं दिसतात, आवाज येतात.”

“आणि माझ्याएवढ्या शिशानं?”

त्या हसल्या. “एवढ्यानं? काहीच होत नाही. का गं?”

“सहज.”

आज्याच्या आयुष्यातून पहिला गेला तो धाकू. आजा वॉर्डच्या दाराकडे बघत राहायचा आणि कोणीच येत नसे. मग पप्पा परत आले, म्हणजे त्याला ओळखू यायला लागले. मग मम्मी. मी रोज शाळेनंतर जायचे, कॉटच्या पायथ्याशी उभी राहायचे, बडबड करायचे, भाषण करून दाखवायचे, आणि तो परक्यासारखा मान डोलवायचा. मला वाटायला लागलं होतं, जे परत येणार नाही म्हणाल्या, ते मीच असणार.

घरी आणल्यावर एका सकाळी मी आरशासमोर उभी होते. मागून आवाज आला, “भावे, केस कोनी कापलं गं असं? उंदरानं कुरतारल्यावानी.”

मी किंचाळले. मम्मीला वाटलं झुरळ. मी आज्याभोवती नाचले, त्याच्या टकलाचा मुका घेतला, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

गोष्ट इथं संपवली असती तर बरं झालं असतं. पण मी खरं ते सांगायचं ठरवलंय.

परवा संध्याकाळी आम्ही दोघंच घरी होतो. बाल्कनीच्या काचा आता उघड्याच असतात. खाडीचा वारा येत होता. आज्याचे हात मांडीवर होते. डावा पंजा वर उचलता येतो, उजवा अजून पूर्ण नाही.

“भावे,” तो म्हणाला, “धाकू यायचा न्हवं हितं?”

“तो आजार होता, आजा.”

“म्हाईत हाय. डाक्टरीन बोलली.” त्यानं डाव्या हातानं उजवा पंजा उचलून बघितला. “मी त्याच्याशी बोलत व्हतो?”

“हो.”

“मना कायच आठवत न्हाय. काय बोलत व्हतो?”

मी सांगितलं. थंडीचं सांगितलं, आई रडल्याचं सांगितलं. मग तो हाताचं विचारायचा, तेही सांगितलं, कारण ते लपवलं असतं तर परत आमचं ‘काही नाही’ झालं असतं. त्याचा चेहरा आक्रसला. ते तो एवढी वर्षं कुणाजवळच बोलला नव्हता, हे मला तेव्हा कळलं. औषधानं त्याला मी परत मिळाले होते, पण त्याच औषधानं धाकू परत मेला होता, आणि आता विचारायला कोणी उरलं नव्हतं.

“आन् तो?” त्यानं विचारलं. “तो काय बोलला?”

मी म्हणणार होते, आजा, तिथं कोणी नव्हतंच. तोंड उघडलं ते तेवढ्यासाठीच.

“तो बोलायचा, हात मीच सोरला, बाळा,” मी म्हणाले. “होरी कलंडत व्हती. दोघंबी गेलो असतो. तू वरच्या अंगाला व्हतास, मना तुजं तोंड दिसत व्हतं.”

मी असं बोलत नाही. वक्तृत्वाच्या बाईंनी माझ्याकडून ते कधीच घासून घालवलंय. आणि आज्याला ‘बाळा’ म्हणणारं आमच्या घरात कोणीच नाही.

आजा माझ्याकडे बघत राहिला. मी खूप काळ वाट बघितली होती त्या नजरेची, ती ओळखीची नजर. पण ती माझ्यावरून थोडी पुढे गेली, मग परत माझ्यावर आली, जशी खात्री करून घेत होती की तोंड माझंच हललं.

तुला कसं माहीत, असं त्यानं विचारलं नाही.

“परत सांग,” म्हणाला.

मी परत सांगितलं.